झुंबरांच्या दुकानावरचा नाच

रविवार, ९ जुलै

ऑफिस थाटल्यापासून आज पहिल्यांदा असं काम आलं, ज्यासाठी मी शिकले. आतापर्यंत लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या तपासल्या, आणि एकदा कबुतरखाना.

हुस्न गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अबू सुल्तान यांचा लग्नाचा हॉल आहे, पहिल्या मजल्यावर. खाली उम्म तैसीर नावाच्या विधवा बाईंचं झुंबरांचं दुकान. वर लग्नात दबके सुरू झाला, माणसं हातात हात घालून ओळीने पाय आपटायला लागली, की खाली झुंबरं किणकिणतात. आजवर एवढंच. आता अबू सुल्तान यांना वर संगमरवर घालायचा आहे आणि खालचं अर्धं दुकान घेऊन तिथे भपकेदार जिना करायचा आहे. त्यासाठी दुकानाच्या मधली लांब भिंत पाडावी लागेल. त्यांच्या मुलीचं लग्न २४ ऑगस्टला याच हॉलमध्ये आहे. उम्म तैसीर यांनी अट घातली आहे: अर्धं दुकान देते, पण भिंत गेल्यावर छत कसं वागेल ते आधी इंजिनियरने सांगावं.

अबू सुल्तान यांनी आमच्या इर्बिद शहरातला सगळ्यात जवळचा इंजिनियर शोधला. म्हणजे मी. बाबा आणि ते लष्करात एकत्र होते, आणि तो हॉल बाबांनीच बांधला आहे, ठेकेदारी करायचे तेव्हा.

बाबा म्हणाले, "मी येतो शिडी धरायला." आई गेल्यापासून ते घरात बसून टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत असतात. म्हटलं, येऊ देत.

मंगळवार, ११ जुलै

मोजमाप झालं. दुकानाच्या छताला खालून कंपनमापक चिकटवले. वर हॉलचा मॅनेजर मी सांगेन तिथे वाळूची पिशवी कमरेच्या उंचीवरून टाकत होता. प्रत्येक मजल्याच्या जमिनीला तिची स्वतःची अशी एक थरथर असते. ठोका कसाही मारा, ती आपल्याच चालीने हलते. या जमिनीची चाल सेकंदाला सहा हेलकाव्यांच्या थोडी वर आहे. दबक्याचे पाय सेकंदाला दोनदा, किंचित जास्तच, पडतात. भिंत आहे तोवर ठीक.

उम्म तैसीर यांनी मरामियाच्या पाल्याचा चहा दिला. बाबांना मरामियाचा वास औषधासारखा वाटतो, घरी ते त्याला हात लावत नाहीत. आज दोन पेले प्यायले. शिडी बहुतेक वेळ मीच धरली. निघताना त्यांनी एक दिवा विकत घेतला. घरात कुठलाच दिवा गेलेला नाही.

गुरुवार, २० जुलै

हिशेब पुरा झाला. तीनदा पडताळला.

भिंत भार घेत नाही, पण ती छताला घट्ट भिडलेली आहे, त्यामुळे जमीन ताठ राहते. भिंत काढली की थरथर मंदावणार. वर संगमरवराचं वजन पडलं की आणखी मंदावणार. माझा अंदाज: सेकंदाला चार आणि थोडं वर. म्हणजे बरोबर दबक्याच्या ठोक्याच्या दुप्पट. प्रत्येक ठोका जमिनीला ती जायच्याच दिशेने ढकलणार.

अबू सुल्तान यांच्याकडे जाऊन हे चहाच्या ट्रेवर समजावलं. वेटर एका ठरावीक चालीने चालला की चहा सांडतो, जरा हळू किंवा जरा भरभर चालला की सांडत नाही. चहा तोच, ट्रे तोच. ते म्हणाले, त्यांचे वेटर सांडत नाहीत.

मी म्हटलं, मग भिंत पाडून झाल्यावर, लग्नाआधी, माणसं नाचवून एकदा चाचणी घेऊ. ते म्हणाले, "इंजिनियरबाई, हा हॉल आहे, प्रयोगशाळा नाही."

रविवार, २३ जुलै

अबू सुल्तान यांनी राजधानीतून, अम्मानहून, एक मोठे सल्लागार बोलावले. ते दहा मिनिटं थांबले, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, ही निव्वळ आडोशाची भिंत आहे, हिच्यावर कसलाही भार नाही, खुशाल पाडा, छत कोसळणार नाही. हे सगळं खरं आहे. कोसळेल असं मी कुठे म्हटलं होतं? हलेल म्हटलं होतं. पण त्यांच्याकडे चांदीच्या मुठीची छडी होती.

पुन्हा चाचणीचं विचारलं. पुन्हा नाही.

उम्म तैसीर यांना सांगायला गेले तर बाबा आधीच तिथे बसलेले. एका झुंबराची साखळी दुरुस्त करत होते. मी घडलं ते सांगितलं. उम्म तैसीर चिडल्या. बाबा साखळीच्या कड्या मोजत राहिले. निदान एक शब्द तरी बोलायचा.

बुधवार, २६ जुलै

आजचा दिवस लिहायचा नव्हता, पण लिहिते.

अबू सुल्तान यांनी कॉफीला बोलावलं होतं, माझी समजूत काढायला. बाबाही आले. तिथे मॅनेजर, संगमरवरवाला, कॉफी देणारा, सगळे. मी पुन्हा एकदा शांतपणे मांडलं. अबू सुल्तान बाबांकडे वळले. "अबू घस्सान, जमीन तू ओतलीस. तू सांग."

बाबांनी पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझी पोरगी चुकते आहे. त्या जमिनीवर हत्तींची वरात नाचव, पेल्यातली कॉफी हलायची नाही."

मी खाली बघत होते.

"मी पैज लावतो," बाबा पुढे म्हणाले. "भिंत पाड, संगमरवर घाल, आणि हुस्नच्या दबकेवाल्यांना बोलाव. जमीन हलली तर सगळ्यांना मन्सफचं जेवण माझ्याकडून. नाही हलली तर तुझ्याकडून. का घाबरतोस?"

अबू सुल्तान म्हणाले की ते आयुष्यात कशालाच घाबरले नाहीत, आणि बाबांना तर मुळीच नाही. मॅनेजरला तिथल्या तिथे दबकेवाल्यांना फोन करायला लावला. लष्करापासून हे दोघे एकमेकांशी पैजा लावतात. पाऊस पडेल का इथपासून कोणाला आधी टक्कल पडेल इथपर्यंत.

मी इतकी वर्षं शिकले, त्याची फी याच माणसाने भरली, आणि चार लोकांत माझ्याविरुद्ध पैज. गाडीत एक शब्द बोलले नाही. बाबा मात्र गुणगुणत होते. चाचणी होणार हे एक बरं झालं, पण ते योगायोगाने.

मंगळवार, १ ऑगस्ट

भिंत पाडली. उम्म तैसीर यांनी झुंबरांना जुन्या चादरी गुंडाळल्या होत्या. बाबांनी मदत केली म्हणे. धूळ अजून नाकात आहे. बाबांशी बोलणं कामापुरतंच.

शनिवार, ५ ऑगस्ट

संगमरवरवाल्याने काम वेळेत उरकलं, आणि आज दुपारी चाचणी झाली.

तीसेक दबकेवाले, एक ढोलवाला, एक मिजविझ, म्हणजे जोडपावा, वाजवणारा. अबू सुल्तान हॉलच्या मध्यभागी कॉफीचा पेला हातात धरून उभे राहिले, जमीन हलणारच नाही अशा थाटात. मी उपकरणांपाशी. बाबा वर नव्हते. पैज त्यांची, आणि ते खाली दुकानात जाऊन बसले. म्हणाले, उम्म तैसीरना एकटं वाटायला नको.

सुरुवातीला काही नाही. अबू सुल्तान माझ्याकडे बघून हसले. मग ढोलवाल्याला रंग चढला, त्याने लय किंचित वाढवली, आणि जमिनीने ती पकडली. आधी पायाखाली काहीतरी मऊ झाल्यासारखं वाटलं. मग ती सरळ वरखाली व्हायला लागली, धरणाच्या पाण्यावर बांधलेल्या होडीसारखी. भिंतीलगतच्या खुर्च्या सरकायला लागल्या. कॉफी अबू सुल्तान यांच्या शर्टावर. एका कोपऱ्यात नव्या संगमरवराची फरशी तडकली, तिचा आवाज ढोलावरूनही ऐकू आला. दबकेवाले आपोआप थांबले. त्यांचा म्होरक्या अबू सुल्तान यांना म्हणाला, "हाज्ज, आम्ही थांबलो, पण ही अजून नाचते आहे."

मी धावत खाली गेले. सगळी झुंबरं एकाच वेळी, एकाच तालात उड्या घेत हळूहळू शांत होत होती. एकाचे लोलक खाली विखुरले होते. उम्म तैसीर दाराबाहेर उभ्या होत्या, आणि बाबांनी त्यांचा दंड घट्ट धरला होता. धक्का बसलेल्या माणसाला आधार द्यावाच लागतो.

मोजमाप: चार पूर्णांक तीन. माझा अंदाज चार पूर्णांक दोन होता.

बाबा वर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हरलो. अबू सुल्तान, मला यातलं काही कळत नाही. आता काय करायचं ते तिलाच विचार." मग स्वतः बाजारात जाऊन मन्सफसाठी मटण आणि जमीद, वाळवलेल्या दह्याचे गोळे, घेऊन आले. उम्म तैसीर यांच्या दुकानामागच्या खोलीत दोघांनी मिळून तीसेक माणसांचा स्वयंपाक केला. पैज हरलेला माणूस इतका खूश मी पाहिला नाही. वय झालं त्यांचं.

चार लोकांत कबूल केलं हे ठीक. पण आधी चार लोकांत नाकारलं होतं, त्याची ही अर्धीच भरपाई.

मंगळवार, ८ ऑगस्ट

अबू सुल्तान सकाळी ऑफिसात आले. पहिल्यांदाच मला अहो-जाहो केलं. पत्रिका वाटून झाल्या आहेत, कुवेतहून पाहुणे निघाले आहेत, हॉल बदलता येणार नाही. काय करायचं ते करा म्हणाले, फक्त जिन्यात खांब नको.

जुन्या भिंतीच्या जागी दोन पोलादी खांब आणि त्यांच्यावर आडवी तुळई, एवढाच उपाय वेळेत होण्यासारखा आहे. ते म्हणाले, खांब कडेला सरकवा. मी कडेला सरकवून हिशेब करून दाखवला: जमिनीची थरथर जवळपास आहे तिथेच राहते. कडेला ती मुळात हलतच नाही, मग तिथे तिला धरून काय उपयोग? डोकं दुखतंय आणि पट्टी गुडघ्याला. मधोमध लावले तर माझा अंदाज सात पूर्णांक चार.

त्यांनी कागद दोनदा उलटसुलट फिरवून पाहिला. शेवटी म्हणाले, खांबांना वरपासून खालपर्यंत आरसे लावले तर? मी म्हटलं, लावा. आता ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत की खांबांची कल्पना त्यांचीच.

गुरुवार, १७ ऑगस्ट

खांब बसले. आजच बारावीचा निकाल लागला. पास झालेल्यांच्या गाड्या हॉर्न वाजवत रस्ताभर, माझी सगळी मोजमापं गढूळ. गर्दी ओसरेपर्यंत थांबून पुन्हा घेतली.

सात पूर्णांक शून्य. अंदाजापेक्षा कमी. खांबाच्या तळाची पकड मी कागदावर धरली होती तितकी घट्ट नाही. चूक माझी. दुपटीपासून आपण खूप लांब आलो आहोत, पण ढोलवाला उत्साहात येऊन फार पळायला लागला, तर ठोक्याची तिप्पट साताच्या जवळ येते. तिपटीचा धक्का दुबळा असतो. किती दुबळा, हे तीस माणसांवर मला माहीत आहे. लग्नाच्या चारशे पाहुण्यांतले किती नाचतील, ते नाही.

ढोलवाल्याला जाऊन भेटले आणि घाई करू नका म्हणून सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या बापालाही कोणी असं सांगितलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं.

बाबांना हे सगळं सांगितलं. म्हणजे मी बोलायला लागले पुन्हा. ते म्हणाले, "तुला भीती वाटते, म्हणजे तू नीट बघते आहेस." मी म्हटलं, हे तुम्ही पैज लावण्याआधी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "खरं आहे," आणि टोमॅटो चिरायला लागले. हल्ली स्वयंपाक तेच करतात. कुठून शिकले कोण जाणे.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

काल लग्न झालं.

मला वर जेवायला बोलावलं होतं, पण मी खाली उपकरणांपाशी राहिले. काही झालं असतं तर दिवे बंद करून ढोल थांबवायचं मॅनेजरशी ठरवलं होतं. उम्म तैसीर यांना मावशी मानून म्हटलं, खाला, तुम्ही आज दुकान बंद करून घरी जा. त्यांनी दोन खुर्च्या आणल्या, एक मला दिली.

दबके सुरू झाला. झुंबरं जागच्या जागी. नवरदेव आल्यावर ढोलवाल्याने व्हायची ती घाई केलीच. आकडा वर चढला. लोलक किणकिणायला लागले, पूर्वी किणकिणायचे तितकेच, आणि तिथेच थांबले. आकडा चढेना. मी पंधरावीस श्वास तरी तशीच बघत राहिले असेन, मग पाणी प्यायले.

बाबा वर नाचत होते. डॉक्टरांनी गुडघ्यामुळे मनाई केली आहे. उम्म तैसीर छताकडे कान लावून ऐकत होत्या आणि मध्येच हसून म्हणाल्या, "हा त्यांचा पाय."

साठसत्तर माणसांच्या ठोक्यांतून एक माणूस वेगळा काढणं उपकरणालाही शक्य नाही. मी तसं त्यांना समजावून सांगितलं.

त्या म्हणाल्या, "हो का."

बुधवार, ३० ऑगस्ट

संध्याकाळी बाबांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, उम्म तैसीरशी लग्न करायचा विचार आहे. तू नाही म्हणालीस तर नाही.

मी विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, "पहिल्या चहापासून."

मी उठले. माझ्या खोलीत आले. आईचा स्वेटर अजून माझ्या कपाटात आहे, तो काढून त्याची पुन्हा घडी केली. घडी नीटच होती.

शुक्रवार, १ सप्टेंबर

बाबांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

रविवार, ३ सप्टेंबर

दुकानात गेले. मनाशी बरंच ठरवून गेले होते. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत उभी राहिले. मग जे म्हटलं ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, मला कोणीच कसं सांगितलं नाही?

उम्म तैसीर हातातल्या फडक्याची घडी करत म्हणाल्या, "पोरी, आम्ही लपवलं नव्हतं. तू इतक्या वेळा आलीस, दर वेळी वरच बघत होतीस."

मग म्हणाल्या, तुझ्या आईला मी ओळखत होते. तुमच्या बैठकीतलं झुंबर त्यांनी माझ्याकडूनच नेलं, दोन महिने घासाघीस करून. त्यांच्या जागेवर मी बसणार नाही, तुमच्या घरातही राहायला येणार नाही. तुझे बाबा माझ्याकडे येतील, दोन गल्ल्या पलीकडे. तुला नको असेल तर तसं सांग. मी रडेन, पण रागावणार नाही.

मी म्हटलं, विचार करते. चहा न पिताच निघाले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि प्यायले.

सोमवार, ४ सप्टेंबर

दुबईहून माझ्या भावाचा, घस्सानचा, फोन. बाबांनी त्याला कळवलं होतं. तो तापलेला. या वयात? लोक काय म्हणतील? आई जाऊन अजून पुरती तीन वर्षं झाली नाहीत. तू तिथेच राहतेस, तुला दिसलं नाही?

मी म्हटलं, तू बाबांना शेवटचं गाताना कधी ऐकलंस? तो म्हणाला, त्याचं काय? मी म्हटलं, मी रोज सकाळी ऐकते. ते दाढी करताना गातात, आणि ते रोज दाढी करतात. तू ईदला आलास तेव्हा त्यांची दाढी किती वाढली होती ते आठव, आणि मग पुन्हा फोन कर.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी हो म्हटलं आहे. बाहेर जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, कांदा चिरत होतो. समोर काकडी होती.

गुरुवार, १४ सप्टेंबर

कोर्टात निकाह झाला. घस्सान आला होता, विमानतळावरून सरळ. फार बोलला नाही, पण बाबांचा कोट त्यानेच इस्त्री करून आणला. साक्षीदार म्हणून अबू सुल्तान आणि ढोलवाला. अबू सुल्तान म्हणाले, आम्हाला सगळ्यांना जुलैपासूनच माहीत होतं, कॉफी देणाऱ्यालासुद्धा.

परतताना गाडी मी चालवली. बाबांना विचारलं, पैज लावली तेव्हा तुम्हाला खरंच वाटत होतं का, की मी चुकते आहे?

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला मन्सफ खायचं होतं."

मी म्हटलं, पण तुम्ही बरोबर निघाला असता, तरच अबू सुल्तान यांनी तुम्हाला खाऊ घातलं असतं. हरून तुम्हीच सगळ्यांना घातलंत. यात तुमचा काय फायदा?

मागच्या सीटवर खाला इतक्या हसल्या की घस्सानने त्यांना पाणी दिलं. मला अजून कळलं नाही, यात हसण्यासारखं काय होतं.

दोघांना त्यांच्या घरी सोडलं. घस्सान अबू सुल्तान यांच्याबरोबर जेवायला गेला. मी घरी आले. सवयीने दोघांचा भात लावला, मग त्यातला थोडा काढून ठेवावा का याचा विचार करत उभी होते, तेवढ्यात बेल वाजली. बाबा. म्हणाले, उशी विसरलो, तिच्याकडच्या उशा फार उंच आहेत.

बसले. भात खाल्ला. नव्या कामाचं विचारलं. जरशच्या एका शाळेत पुलासारखा लांब व्हरांडा आहे आणि मुलं धावली की तो झुलतो, ते सगळं त्यांनी मला कागदावर काढून दाखवायला लावलं. खालांचा फोन आला तेव्हा घाईने उठले आणि चपला घालून गेले.

उशी इथेच राहिली. उद्या पोचवायला हवी.